आईचा रकाना

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

‘आपल्या घरात कुणाला काही होत नसतं.’ सदतीस वर्षांपूर्वी फाटकाशी आलेल्या शेजारच्या काकूंना तू हे वाक्य ऐकवलंस, तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस, मी नऊ वर्षांची होते, आणि आईला जाऊन चार दिवस झाले होते. काकूंनी एवढंच विचारलं होतं, की नक्की काय झालं होतं गं तिला. त्या बिचाऱ्या हातातलं झाकलेलं भांडं तसंच घेऊन परत गेल्या. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता! आपल्या घरात कुणाला काही होत नाही आणि तरीही माणसं जातात, यात काही गफलत आहे हे कळायला मला सेहेचाळीस वर्षं आणि एक छापील फॉर्म लागला.

(तुझी तब्येत कशी आहे, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तर मला पाठ आहे. भावोजींचा गुडघा, शिवणवर्गातल्या मुली आणि दोरा तोडणारं ते खिडकीजवळचं मशीन, सगळी ठीक असावीत. खरं तर मशीनची चौकशी आधी करायला हवी होती. तुमच्या घरात दर तीन महिन्यांनी उघडून बघितलं जातं असं तेवढंच एक आहे.)

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तू म्हणशील. सांगितलं की, चार वेळा. पहिल्यांदा मी ‘डॉक्टर’ म्हटल्याबरोबर तुझ्याकडे आवाज यायचा बंद झाला. दुसऱ्यांदा तुझ्या तोंडात टाचण्या होत्या. तिसऱ्यांदा दारावर कुणीतरी आलं (बेल वाजलेली मला ऐकू आली नाही, पण असेल). चौथ्यांदा तू शांतपणे ‘हं, हं’ करत ऐकून घेतलंस आणि शेवटी विचारलंस, की पडद्यांची मापं कधी पाठवतेस. पत्राचा आवाज जात नाही आणि तोंडात टाचण्या असल्या तरी ते वाचता येतं. मधेच घडी घालून उशीखाली सारायचा मोह होईल, म्हणून मुद्दा आधीच लिहून टाकते: माझ्या आतड्यात एक कोंब सापडला (डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात). तो काढला. मी ठीक आहे. पण डॉक्टरीणबाईंना आईचा आजार कळायला हवा आहे, आणि त्या म्हणतात, बहिणीलाही तपासायला हवं. ती बहीण म्हणजे तू. दुसरी असती तर तिला लिहिलं असतं, ती बहुधा तुझ्याहून ऐकणारी निघाली असती.

आता पहिल्यापासून सांगते. तू लोकांना माझ्याबद्दल ‘ऑफिसात असते’ इतकंच सांगतेस, म्हणून आठवण करून देते, की आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते आणि कुठल्या इमारतीत कुठला मेकॅनिक कधी जाणार याचं वेळापत्रक माझ्याकडे असतं. म्हणजे माझं खरं काम आहे भांडणं. रोज कुणी ना कुणी सेक्रेटरी फोनवर म्हणतो, अहो मॅडम, लिफ्ट लोण्यासारखी चाललीय, उगाच कशाला उघडता? आणि मी रोज म्हणते, चाललीय म्हणूनच उघडायची, बंद पडल्यावर जे करतात त्याला तपासणी म्हणत नाहीत. एकोणीस वर्षं हे वाक्य मी पोपटासारखं म्हणत आले आहे, आणि चाळिशीपुढच्या कर्मचाऱ्यांसाठी ऑफिसने लावलेली वार्षिक आरोग्य तपासणी मी पाच वर्षं चुकवली आहे. कधी सर्दी झाली, कधी रजा काढली. एका वर्षी तर मी वेळापत्रकात स्वतःलाच एका इमारतीच्या तक्रारीवर पाठवून दिलं. त्या इमारतीची काही तक्रार नव्हती. वॉचमनने मला खुर्ची दिली आणि मी दोन तास तिथे बसून आले.

आमच्याकडे एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना दोरकाका म्हणतात. लिफ्टचा दोर म्हणजे पोलादी तारांचा पीळ. काका त्यावर सुती फडकं धरतात आणि लिफ्ट हळूहळू चालवायला सांगतात. आत कुठे एक तार जरी तुटलेली असली तरी फडकं अडकतं. बाहेरून बघणाऱ्याला दोर धडधाकटच दिसतो. या वर्षी तपासणीच्या यादीत माझ्या नावासमोर मी ‘बाहेरगावी’ लिहिलेलं त्यांनी पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, मॅडम, मला तुम्ही वर्षातून बारा वेळा लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरवता, आणि तुम्हाला एकदा खुर्चीत बसून रक्त देता येत नाही होय? अख्खं ऑफिस हसलं. मी यादीतलं ‘बाहेरगावी’ खोडलं. अपमानाने माणूस जितक्या चटकन शहाणा होतो तितका उपदेशाने होत नाही, हे तुलाही शिवणवर्गात अनुभवाला आलं असेल.

तपासणी केंद्र चौथ्या मजल्यावर होतं. मी जिन्याने गेले. (त्या इमारतीची लिफ्ट आमच्याकडेच आहे आणि तिची तपासणी मीच दोनदा पुढे ढकलली होती.) वर पोहोचले तेव्हा धाप लागली होती, त्यामुळे पहिला रक्तदाब असा काही आला की सिस्टरने मला पाणी पाजून कोपऱ्यात बसवलं आणि हातात फॉर्म दिला. त्यात कुटुंबाचे रकाने होते. आई, वडील, भावंडं, आजीआजोबा. कोणता आजार, कितव्या वर्षी. मी आपल्या घरच्या पद्धतीने भरला. हात आपोआप चालला बघ. आई: अशक्तपणा. बाबा: दगदग. आजोबा: वय. आत्या: तिचं ते.

सिस्टर भारदस्त बाई होत्या, आणि आवाजही तसाच. त्यांनी तो फॉर्म सगळ्या बाकांना ऐकू जाईल असा वाचला. ‘दगदग’ वाचून म्हणाल्या, ही तर मलाही आहे. ‘तिचं ते’पाशी थांबल्या.

“ते म्हणजे कुठलं हो?”

“आत्याचं.”

“अहो, आत्याचं ते कळलं. पण ते म्हणजे काय?”

मी आवाज अगदी खाली आणून म्हटलं, बायकांचं. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ उठून खिडकीकडे गेले. सिस्टरने तिथे प्रश्नचिन्ह काढलं, मग आईच्या रकान्यावर बोट ठेवलं. सत्तेचाळीसाव्या वर्षी, म्हणाल्या, अशक्तपणाने कुणी जात नाही, ताई. अशक्तपणा कशाने तरी येतो. तो कशाने आला होता? मी म्हटलं, बहिणीला विचारून सांगते. घरात काही मोडलं की लहानपणी मी हेच उत्तर द्यायचे.

बाकी सगळं निर्वेध पार पडलं. साखर, डोळे, छातीचा तो फोटो. (यंत्र थंडगार होतं, आणि ती मुलगी ‘श्वास धरा’ म्हणून पलीकडच्या खोलीत गेली ती बहुधा चहा पिऊनच आली.) मग त्यांनी हातात एक इवलीशी डबी दिली आणि त्यात उद्या सकाळी काय आणायचं ते सांगितलं. काय ते तू ओळखलं असशील, मी लिहीत नाही, हे पत्र भावोजीही वाचतील. इतकंच सांगते, की दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी उभी असताना एका बसलेल्या बाईने प्रेमाने माझी पर्स मांडीवर घेतली, आणि उतरेपर्यंत त्या माउलीकडे मला बघवलं नाही.

दहा दिवसांनी फोन आला. त्या नमुन्यात रक्त होतं. डोळ्यांना दिसत नाही इतकं, पण होतं. त्याला साधी कारणंही असू शकतात, पण दुर्बिणीने आत बघायला हवं, असं केंद्रातून बोलणारी मुलगी म्हणाली. मी ‘बरं’ म्हटलं आणि पुढच्या महिन्याचं वेळापत्रक करत बसले. संध्याकाळी साहेब विचारत आले, की एकाच इमारतीत एकाच दिवशी तीन मेकॅनिक का चालले आहेत.

आता मूर्खपणाचा भाग. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट पूर्ण रिकामं करायचं असतं. एक पावडर दोन लिटर पाण्यात घालून प्यायची, बाकी फक्त गाळलेलं पातळ. मग न्हाणीघर आणि आपण. घरात चार माणसं आणि न्हाणीघर एक. कुणीही शहाण्या बाईने घरी सांगितलं असतं, की माझी उद्या अमुक तपासणी आहे. मी कुणाची बहीण आहे? मी सांगितलं, जरा पोट बिघडलंय. नवरा म्हणाला, बाहेरचं खाल्लं असशील. मुलीने कानातले इअरफोन काढलेही नाहीत. सासूबाई मात्र उठल्या. तू त्यांना ओळखतेस, दुसऱ्याचं पोट हा त्यांना स्वतःचा मुलूख वाटतो. पोट बांधायची गोळी घे म्हणाल्या, मी नको म्हटलं. पुन्हा म्हणाल्या, मी पुन्हा नको म्हटलं. मग त्यांनी मला गाळलेलं सूप करून दिलं. दोनदा. मला भरून आलं, ताई. वाटलं, किती माया आहे या बाईची, मीच कधी कदर केली नाही. पावडर आपलं काम करू लागली की मधेच तिला कुणीतरी मागे ओढल्यासारखं व्हायचं. रात्रभर माझ्या पोटात दोन सैन्यं लढत होती आणि कोण कुणाच्या बाजूचं ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाते सांगून गेले. गुंगीतून बाहेर आले तर डॉक्टरीणबाई खाटेपाशी उभ्या. तरुण आहे, तुझ्या वर्गातल्या मुलींएवढीच दिसते. म्हणाली, आत काही नीट दिसलंच नाही. काय खाल्लंत? मी शपथेवर सांगितलं, काही नाही, फक्त सूप. सूप कुणी केलं? तिने मला तिथल्या तिथे घरी फोन लावायला सांगितला आणि स्पीकर सुरू केला.

“अगं, दोनच गोळ्या कुटून घातल्या होत्या,” सासूबाई म्हणाल्या. “तिसरी घालणार होते, पण तू पडलीस बाहेर! थांबलं ना?”

सिस्टरने फाइल तोंडावर धरली. तिचे खांदे हलत होते. डॉक्टरीणबाई हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, घरी सांगितलं का नव्हतंत? खरंच, ताई, का नव्हतं सांगितलं? कुणी रागावलं नसतं, कुणी रडलं नसतं. आपल्याकडे सांगत नाहीत, एवढंच. आठ दिवसांनी पुन्हा या, म्हणाली. म्हणजे पुन्हा आठ दिवस, पुन्हा दोन लिटर.

त्या संध्याकाळी मी घरी सगळ्यांना बसवून सांगितलं. नवरा उठून पंखा पुसायला लागला. सासूबाई खवळल्या. म्हणाल्या, मग बोलायचं ना बाई! मी करून आले की ती दुर्बीण चार वर्षांपूर्वी! मग उलगडा झाला. चार वर्षांपूर्वी त्या मैत्रिणीकडे दोन दिवस राहायला गेल्या होत्या आणि तिकडच्या पाण्याने वजन उतरलं म्हणून सांगत होत्या, ते हे. (इतके दिवस मला वाटायचं, हा गुण फक्त आपल्याच घराण्यात आहे.)

दुसऱ्या वेळी सगळं स्वच्छ दिसलं, आणि तो कोंबही. वाटाण्याएवढा. तिथल्या तिथे काढला आणि तपासायला पाठवला. अहवालाला आठ दिवस. या आठ दिवसांबद्दल विनोदी काही लिहिता येईल असं वाटलं होतं, जमत नाही. मी नवऱ्याला विम्याची फाइल कुठे आहे ते दाखवलं. त्याने ती उघडलीसुद्धा नाही, फक्त म्हणाला, तूच दाखव ना नंतर. मुलीने एकदा दारात उभं राहून विचारलं, आई, तुला काय झालंय? आणि तुझं ते वाक्य माझ्या जिभेच्या अगदी टोकावर आलं. ती पंधरा वर्षांची आहे. मी ते गिळलं आणि सांगितलं, की कॅन्सर असू शकतो, नसूही शकतो, गुरुवारी कळेल. ती थोडी गोरीमोरी झाली. मग म्हणाली, म्हणजे पुढे मलाही तपासावं लागेल का? मी म्हटलं, हो, चाळिशीच्या आसपास. तिने जरा हिशेब केला, बराच अवकाश आहे असं ठरवलं, आणि माझा चार्जर घेऊन गेली. रात्री मात्र अंथरूण घेऊन आमच्या खोलीत आली, गरम होतंय म्हणून. आमच्या खोलीतला पंखा तर तिच्या खोलीतल्याहून जुना आहे.

अहवाल चांगला आला. कॅन्सर नव्हता. पण ज्यातून तो काही वर्षांनी होतो त्या जातीचा कोंब होता. आता तीन वर्षांनी पुन्हा बघायचं, इतकंच. डॉक्टरीणबाईने मला कागदावर आतडं काढून दाखवलं (चित्रकला बेताची). म्हणाली, हा वर्षानुवर्षं दुखत नाही, खुपत नाही, आणि दुखायला लागतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. आईला पन्नाशीच्या आत हाच आजार झाला असेल, तर तिच्या मुलींनी चाळिशीलाच तपासायला हवं होतं. मी सहा वर्षं उशिरा आले. तुझ्या बाबतीतलं गणित तिने केलं आणि पेन खाली ठेवलं. पंधरा वर्षं, ताई.

तर माझी विनंती अशी: आईला काय झालं होतं ते मला लिही. जास्त नको, एक शब्द. कार्डावर लिहिलंस तरी चालेल, पोस्टमनला आपलं घराणं ठाऊक नाही. पडद्यांची मापं मागच्या पानावर लिहिली आहेत. भावोजींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. वरची विनंती खोटी आहे. मला तो शब्द ठाऊक आहे. मी नऊ वर्षांची होते, बहिरी नव्हते. तू आणि बाबा स्वयंपाकघरात कुजबुजत होतात तेव्हा मी खाटेखाली चप्पल शोधत होते. आतड्याचा कॅन्सर. दुसऱ्या वेळच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात मीच तो लिहिला, आणि अक्षर चांगलं आलं. तुला विचारलं ते डॉक्टरांसाठी नव्हे. सदतीस वर्षं तो शब्द तू एकटीने धरून ठेवला आहेस, माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून. तो आला होता. आता सोडलास तरी चालेल.

ता. क. दुसरा. मागच्या महिन्यात तू आलीस तेव्हा तुझ्या निळ्या कुर्त्याची बगलेखालची शिवण आत घेतलेली होती. एकदा नव्हे, दोनदा. जुन्या टाक्यांची भोकं कापडावर राहतात, हे तूच मला शिकवलंस. आमचे दोन मजले चढताना तू तीनदा थांबलीस, आणि तिन्ही वेळा म्हणालीस, भिंतीचा रंग छान आहे. तो रंग नाही, ओल आहे. तुझे ओठ पांढरे होते. मी भावोजींना फोन केला तर ते म्हणाले, मला काही बोलायची परवानगी नाही. काही नसतं, तर परवानगी कशाला लागली असती? रक्त जातंय का आणि कधीपासून, हे मला पत्रातून सांगू नकोस. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. येत्या गुरुवारी सकाळी दहाची वेळ मी तुझ्या नावाने घेतली आहे. त्याच डॉक्टर मुलीकडे. पहिल्या दिवशी पावडर नाही, दुर्बीण नाही, फक्त बोलणं, आणि तेही मी करीन. बुधवारी दुपारच्या गाडीने मी तुला न्यायला येते आहे. तू म्हणशील वर्ग आहे, म्हणशील भावोजींच्या जेवणाचं काय, म्हणशील मला काही झालेलं नाही. शेवटी दार लावून घेशील आणि मी फाटकाशी उभी राहीन. सगळं माहीत असून विचारते आहे. ताई, चलशील माझ्याबरोबर?